नुकसान कोणी सोसायचे? : काशीदच्या किनाऱ्यावरून कृषिविस्ताराचा एक पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला कळविले की, 'आपण हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीच्या क्षेत्रात इतकी वर्षे संशोधन केले. त्या कामाविषयी विद्यार्थ्यांना व पालकांना समजेल असा एक अभ्यासलेख द्यावा.' या शाळेच्या वसतिगृहात मी सहा वर्षे राहिले. प्रवेशाच्या दिवशी वडिलांनी शुल्काऐवजी राता भाताचे अर्धे पोते आणून दिले होते आणि शाळेने ते कमीपणा न वाटू देता स्वीकारले होते. त्यामुळे नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र हा लेख माझ्या पदांचा व पुरस्कारांचा आढावा नाही. एका प्रश्नाने माझ्या कामाची दिशा बदलली. तो प्रश्न कोणता आणि तो कसा समजला, एवढेच येथे मांडायचे आहे.

१. विस्तार म्हणजे काय?

कृषी विद्यापीठात बियाण्याचा, खताचा, किडीचा अभ्यास होतो. त्या अभ्यासातून निघालेले ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणे आणि शेतकऱ्याची अडचण संशोधकापर्यंत आणणे, या दुहेरी कामाला 'कृषिविस्तार' म्हणतात. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) आणि दापोली (१९७२). कोकणासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. रायगड जिल्ह्यात त्याची तीन केंद्रे आपल्याला जवळची आहेत : कर्जतचे भात संशोधनाचे केंद्र (१९१९ पासूनचे), पनवेलचे खारजमीन संशोधन केंद्र आणि श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र. याशिवाय जिल्ह्यासाठी रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्र ही कल्पना देशात १९७४ साली पुदुच्चेरी येथे प्रथम प्रत्यक्षात आली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ साली हवामान-अनुकूल शेतीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केल्यावर या केंद्रांच्या कामात हवामानाचा विषय ठळकपणे आला.

विस्तार संशोधक मात्र नवे वाण तयार करीत नाही. नवी गोष्ट कोणी स्वीकारली, कोणी नाकारली, कोणत्या कारणाने, आणि स्वीकारल्यावर घरात काय बदलले, याचा तो अभ्यास करतो. वही, प्रश्नावली, मोजपट्टी आणि दोन पाय एवढीच त्याची प्रयोगशाळा.

२. एका गावात तीन प्रकारची जमीन

काशीद म्हटले की पाहुण्यांना तीन किलोमीटरचा पांढरा वाळूचा किनारा आणि सुरूची झाडे आठवतात. शेतीच्या दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र समुद्र आणि फणसाडचा डोंगर यांच्यामधली अरुंद पट्टी दिसते. उत्तरेला कुंडलिकेची खाडी, दक्षिणेला मुरूडपलीकडे राजपुरीची खाडी. या टापूतील शेतकऱ्याकडे साधारणपणे तीन प्रकारची जमीन असते, आणि बदलते हवामान तिन्हींवर वेगवेगळा घाव घालते.

पहिली वाडी : घराजवळची नारळ-सुपारीची बाग. तिचा शत्रू वारा. दुसरी खार : खाडीकाठची, बंधारा घालून समुद्रापासून राखलेली भातजमीन. तिचा शत्रू उधाणाचे पाणी. तिसरी वरकस : डोंगरउतारावरची हलकी जमीन, जिच्यात नाचणी-वरी होते. तिचा शत्रू पावसातील खंड. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पावसाचा खंड कसला, असे कोणालाही वाटेल. परंतु हलक्या, उताराच्या मातीत पाणी थांबत नाही. पंधरा दिवस ऊन पडले की वरकस जमिनीवरची रोपे माना टाकतात.

एकाच कुटुंबाकडे थोडी वाडी, थोडी खार, थोडी वरकस असणे हे पूर्वजांचे विम्याचे शास्त्रच होते. एके ठिकाणी गेले तर दुसरीकडे राहील, हा त्यातील हिशेब. आज वाडीच्या जागी पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या, वरकस जमीन विकली गेली, आणि तीन पायांवरचा संसार अनेक घरांत एका पायावर आला. हवामानाचा विचार करताना हा बदलही जमेस धरला पाहिजे.

३. खारजमिनीचे शास्त्र

खारजमीन कशी चालते हे समजून घेणे विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल. समुद्राच्या पाण्यातील मीठ मातीत असते. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मुसळधार सरींनी ते खाली व बाहेर धुतले जाते. म्हणून खारीत पावसाळी भात येतो. पाऊस संपला की ऊन मातीतील ओल वर ओढते, ओलीबरोबर मीठही वर येते आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसतो. मातीचा खारेपणा विद्युतवाहकतेवरून मोजतात. ही वाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. भात तर त्याआधीच, ३ च्या आसपास, उत्पन्नात मार खाऊ लागतो. रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी तो मिठाला सर्वांत नाजूक असतो.

म्हणून खारीतील शेतकरी पहिल्या पावसाने मीठ धुतले जाण्याची वाट पाहतो. अनेक ठिकाणी रोपे लावण्याऐवजी मोड आलेले बियाणे चिखलात फेकण्याची 'रहू' पद्धत आहे. पावसाची सुरुवात लांबली, किंवा जूनमध्ये भरपूर पडून जुलैत उघडीप आली, तर हे सारे गणित चुकते.

या जमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही खारेपणा सहन करणारी भाताची वाणे दिली. परंतु त्याआधीची गोष्ट अधिक महत्त्वाची. 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' ही जुनी क्षारसहनशील वाणे शेतकऱ्यांच्या तांबड्या राता भातातून निवड करून घेतलेली आहेत. म्हणजे ज्या भाताला शहरात जाडाभरडा म्हणून नावे ठेवली गेली, त्याच्या पोटात मीठ सोसण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या जपलेला होता, आणि तो जपणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. मळणीनंतर बियाण्याच्या लोंब्या वेगळ्या काढणे, त्या सुकवणे, उंदीर-घुशींपासून राखणे हे त्यांचेच काम.

मात्र केवळ बियाण्याने खार वाचत नाही. समुद्राच्या बाजूचे बाह्यकाठे आणि पाणी सोडण्याच्या उघाड्या धड असतील तरच बियाण्याला अर्थ. बंधाऱ्याला एके ठिकाणी खांड गेली की उधाणाचे पाणी साऱ्या गावाच्या शेतात शिरते. त्यात कोणाचे शेत नीट कसलेले होते आणि कोणाचे नव्हते, हा भेद उरत नाही. पूर्वी गावे एकत्र येऊन बांध घालीत. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ही जबाबदारी सरकारी योजनांकडे आली. तरुण माणसे कामासाठी मुंबईकडे गेली आणि श्रमदानाची सवय मोडली. फुटलेला बांध काही वर्षे तसाच राहिला की शेतात कांदळवन उगवते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यही आहे. लाटांचा जोर तेच मोडते, मासळीची पिल्ले त्याच्याच मुळांत वाढतात. परंतु ज्याचे शेत त्याखाली गेले त्याला शेतही परत मिळत नाही आणि कांदळवन राखल्याचा मोबदलाही मिळत नाही. समुद्राची पातळी वाढत असताना असे तंटे वाढणारच आहेत. त्यांचे उत्तर केवळ वनस्पतिशास्त्रात सापडणार नाही.

४. म्हातारीचा प्रश्न

आता तो प्रश्न. नोकरीचे तिसरे वर्ष होते. राजपुरी खाडीच्या बाजूच्या एका गावात मी नऊ कुटुंबांना लवकर येणाऱ्या, कमी उंचीच्या एका सुधारित भाताचे बियाणे दिले. सर्व आकडे माझ्या बाजूने होते. एक वृद्ध शेतकरी बाई मात्र पूर्ण शेतात ते पेरायला तयार होईनात. मी बराच वेळ समजावले. शेवटी त्यांनी विचारले, "बाय, बियाणं बुडालं तर तुझा पगार बुडतो का?"

मी हसून विषय टाळला. त्यांनी अर्ध्या शेतात माझे बियाणे आणि अर्ध्यात आपला राता पेरला. इतर आठ कुटुंबांनी माझ्या शब्दाखातर सारे शेत नव्या वाणाखाली आणले. सप्टेंबरातील एका उधाणात बांधाला खांड गेली आणि पाणी काही दिवस शेतात राहिले. बुटके भात संपूर्ण बुडून कुजले. उंच वाढणाऱ्या रात्याच्या लोंब्या पाण्यावर राहिल्या. त्या बाईंच्या घरी निम्मे का होईना भात आले. आठ घरी काहीच आले नाही.

माझ्या अहवालात या घटनेला एकच ओळ मिळाली : नैसर्गिक आपत्तीमुळे प्रात्यक्षिकाचे निष्कर्ष नोंदविता आले नाहीत. माझा पगार एक तारखेला झाला. त्या आठ घरांपैकी दोन घरांतील माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली. त्यांतल्या एका घरातील मुलगी सातवीत होती. ती पुढे शाळेत दिसली नाही. चूक बियाण्याची नव्हती, ते ज्या जमिनीसाठी तयार केले होते तेथे ते उत्तमच होते. चूक माझी होती. मी सरासरी उत्पन्न पाहिले होते, सर्वांत वाईट वर्ष पाहिले नव्हते. त्या बाईंनी तेच पाहिले होते, आणि मी त्यांच्या नावापुढे वहीत 'बदलास विरोध' असे लिहिले होते.

ती वही मी आजवर टाकलेली नाही.

५. हा प्रश्न जुना आहे

पुढे अभ्यासासाठी विस्तारशास्त्राचा इतिहास वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी थबकले. आधुनिक कृषी प्रात्यक्षिकाचा आरंभ १९०३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टेरेल या गावी झाला असे मानतात. सीमन नॅप हे त्याचे प्रवर्तक. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने आपल्याच शेतात, आपल्याच हातांनी नवी पद्धत करून पाहावी अशी योजना होती. त्यातली मुख्य गोष्ट पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. प्रयोग फसला तर पोर्टरचे नुकसान भरून देण्यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी आधी निधी उभा केला होता. पीक चांगले आले आणि निधीला हात लावावा लागला नाही. जगाने त्या प्रयोगातून 'प्रात्यक्षिक' उचलले, 'निधी' मात्र तेथेच राहिला.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही; त्या जमिनीबरोबर कसणाऱ्याकडे भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात आहेत यावरून ते ठरते, हा त्यातील गाभ्याचा मुद्दा. विस्तार संशोधकाने हा निबंध अवश्य अभ्यासावा. वीस गुंठ्यांचे दोन शेतकरी कागदावर सारखेच दिसतात. एकाचा मुलगा मुंबईत नोकरीला असतो, दुसऱ्याचे सारे घर त्या वीस गुंठ्यांवर असते. नवे बियाणे पहिल्यासाठी प्रयोग असतो, दुसऱ्यासाठी जुगार.

आणि आपल्या जिल्ह्याने तर 'नुकसान कोणी सोसायचे' या एकाच प्रश्नावर सहा वर्षे लढा दिला आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांचा संप चालला. कसणारी कुळे घाम गाळीत आणि पिकाचा मोठा वाटा खोत नेत, त्याविरुद्ध तो संप होता. शेते पडीक ठेवून माणसांनी मिळेल ते काम करून दिवस काढले. बाबासाहेबांनी या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आज खोत नाहीत. परंतु वाईट वर्षाचा भार सर्वांत शेवटच्या माणसावर जाऊन पडण्याची रीत मात्र पूर्ण मोडलेली नाही.

६. निसर्ग वादळाचा हिशेब

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. टाळेबंदीचे दिवस, वीज नाही, फोन नाही. मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग तालुक्यांतील वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे आणि त्यात उठणारी वादळे अधिक तीव्र होत आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ सांगत होतेच. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले.

शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली. पूर्वीच्या दरापेक्षा ती बरीच जास्त होती. परंतु एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे येतात. म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०५ रुपये. आपल्या भागात आठ गुंठ्यांची वाडी ही काही लहान वाडी नव्हे. तिला मिळाले सुमारे चार हजार रुपये. शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतरावर सुपारी लावली तर आठ गुंठ्यांत ११० झाडे बसतात. एका झाडामागे चाळीस रुपयेही पडत नाहीत. नवे सुपारीचे रोप फळाला यायला पाच ते सात वर्षे, आणि बाणवली नारळाला सहा ते आठ वर्षे लागतात. बागाईतदारांनी हा हिशेब मांडला, आणि पुढे नारळ-सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. मोजण्याचे माप बदलले की न्याय बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पीकविम्याचेही असेच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भाताची भरपाई मुख्यत्वे महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. ज्याच्या एकट्याच्या शेतात बांध फुटून पाणी आले तो सरासरीत हरवू शकतो. काही प्रकारच्या नुकसानीची वैयक्तिक सूचना ठरलेल्या मुदतीत देण्याची तरतूद होती, पण ज्याच्या घरात फोन बंद आणि कागद भिजलेले, त्याला ती मुदत पाळणे कठीण होते. म्हणून वादळानंतर आम्ही काही महिने रोपे वाटण्याऐवजी घरोघरी बसून पंचनाम्याचे अर्ज भरले. हे संशोधन नव्हे, असे एका सहकाऱ्याने म्हटले. मला ते त्या वर्षातले सर्वांत उपयोगी काम वाटते.

शेतीच्या अंगाने तीन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. पहिली : नव्याने वाडी उभी करताना मधली वर्षे रिकामी ठेवायची नाहीत. केळी वर्षभरात पैसा देते, सुरण आणि हळद सावलीत येतात, पुढे मिरीचे वेल आणि जायफळ. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत अशा मसाला पिकांची जोड शिफारस केली आहे. दुसरी : वाऱ्याला अडवणारी झाडे एकाच जातीची नसावीत. किनाऱ्यावरची सुरू झपाट्याने वाढते, पण वादळात मोठ्या संख्येने पडलीही. उंडी आणि करंज ही आपल्या किनाऱ्याची झाडे सावकाश वाढतात, पण वारा व खारे पाणी दोन्ही सोसतात. तिसरी : रोपे फुकट देणे सोपे आहे, ती फळाला येईपर्यंतची वर्षे कुटुंबाने काय खायचे, हा खरा प्रश्न आहे.

७. शेतकऱ्याच्या हातचे संशोधन

ज्ञान नेहमी विद्यापीठातूनच गावाकडे येते असेही नाही. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी 'सगुणा राइस तंत्र' विकसित केले. यात चिखलणी नाही, राब भाजणे नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. मुळे कुजून माती भुसभुशीत होते, मजुरी वाचते, पाऊस लांबला तरी लावणीचा खोळंबा होत नाही, आणि पाणी तुंबलेल्या शेतातून निघणारा मिथेन वायू कमी होतो. त्याच वाफ्यावर पुढे वालासारखे पीक घेता येते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चिखलणी नसल्याने तण वाढते. त्यासाठी तणनाशकावर विसंबावे लागते, आणि तणनाशकाच्या वापराविषयी शंका असणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पाणी साचून राहणाऱ्या खारीत गादीवाफे टिकवणे अवघड. तसेच लावणीची मजुरी वाचते म्हणजे कातकरी आणि भूमिहीन स्त्रियांचा जून-जुलैतील रोजगारही कमी होतो. एका घराची बचत ती दुसऱ्या घराची तूट. ही नोंद विस्तार संशोधकाने केली नाही तर दुसरे कोणी करणार नाही.

८. चार नियम

त्या आठ कुटुंबांनंतर मी स्वतःसाठी चार नियम केले. ते कोणत्याही शासननिर्णयात नाहीत.

एक : सल्ला देण्याआधी विचारायचे, 'हे फसले तर घरात काय होईल?' उत्तर मिळेपर्यंत बियाण्याची पिशवी सोडायची नाही.

दोन : पहिल्या वर्षी पूर्ण शेत कधीही नव्या वाणाखाली आणू द्यायचे नाही. जुने बियाणे प्रत्येक गावात कोणाच्या तरी कणगीत असलेच पाहिजे.

तीन : प्रयोगाचा धोका एकाने घ्यायचा नाही. पुढे ज्या गावात आम्ही काम केले तेथे बचत गटाने ठरविले की, ज्याच्या शेतात प्रात्यक्षिक आहे त्याचे बुडाले तर प्रत्येक घराने त्याला एक पायली भात द्यायचे. असे द्यावे लागण्याची वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा दिले गेले. एका पायलीने कोणाचे घर भरत नाही. परंतु त्या गावात पुढच्या वर्षी प्रयोग करायला माणसे घाबरली नाहीत.

चार : अपयशाची नोंद यशाइतक्याच जागेत करायची.

आपल्या परंपरेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे : या आणि पाहा. ऐकून मानू नका, पाहून, पडताळून घ्या. कृषी प्रात्यक्षिकाला याहून नेमके नाव शोधून सापडणार नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, 'या आणि पाहा' म्हणणाऱ्यानेही आधी जाऊन पाहिलेले असले पाहिजे.

९. विद्यार्थ्यांसाठी

या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. बारावी विज्ञाननंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून कृषी पदवीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. दहावीनंतर कृषी पदविकेचाही मार्ग आहे. पदवीनंतर 'कृषी विस्तार शिक्षण' हा विषय घेऊन पदव्युत्तर पदवी आणि पुढे संशोधन करता येते. सहायक कृषी अधिकाऱ्यापासून कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञापर्यंत आणि विद्यापीठातील प्राध्यापकापर्यंत पदे आहेत. स्वयंसेवी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांतही काम आहे. गुणांइतकीच पायी चालण्याची तयारी लागते. पालकांना एक विनंती : 'शेतीतून सुटण्यासाठी शिकवले आणि ही पुन्हा शेतीकडेच निघाली' असे म्हणू नये. माझ्या वडिलांनाही प्रारंभी तसेच वाटले होते. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर नुकसान सोसले, त्या घरांतील मुले सल्ला देणाऱ्याच्या खुर्चीत बसली तर सल्ला बदलतो, असा माझा अनुभव आहे.

त्या वृद्ध बाई आज हयात नाहीत. त्यांच्या नातवाने आजही खारीचा एक तुकडा रात्यासाठी राखला आहे. उरलेल्या शेतात तो पनवेलचे वाण घेतो आणि दोन्हींचे उत्पन्न दरवर्षी वहीत लिहितो. गेल्या पावसाळ्यात त्याने मला ती वही दाखविली. तिच्यात वाईट वर्षेही नीट लिहिलेली होती.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील वाडी, खार (किंवा पाणथळ) आणि वरकस जमीन कोणती? गेल्या वीस वर्षांत तिचा वापर कसा बदलला, हे घरातील ज्येष्ठांना विचारून लिहा.

२. आपल्या घरी किंवा शेजारी जुने भात, नाचणी, वाल यांचे बियाणे कोण जपते? ते कसे साठवतात?

३. हेक्टरी मदत आणि झाडागणिक मदत यांत आपल्या वाडीला कोणती अधिक न्याय्य ठरेल? प्रत्यक्ष मोजणी करून हिशेब मांडा.

४. आपल्याला कोणी दिलेला एखादा सल्ला आठवा. तो चुकला असता तर नुकसान कोणाचे झाले असते?